नुसते ‘भाकडकथा’ म्हणून भागणार नाही

कल्याण पूर्वेत आम्ही दर रविवारी मुलांसोबत वाचनवर्ग घेतो. मागच्या महिन्यात वामन-बळीची कथा निघाली. एक जण लगेच म्हणाला, “सगळ्या भाकडकथा, सोडून द्या.” त्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, “मग सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले, तीही भाकडकथाच ना?” वर्ग गप्प. खरे सांगायचे तर आम्हीही गडबडलो.

मित्रांनो, आमच्याकडे एकच शब्द होता, आणि तोही शिवीसारखा वापरायची सवय.

विराट पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र निघाले, हे मिथक आहे. मिथक उगम सांगते आणि व्यवस्थेला पवित्र ठरवते. ते खोटे आहे हे सांगून काम अर्धेच होते. ते कोणाच्या सोयीचे आहे हेही विचारावे लागते. आख्यायिका वेगळी. ती खऱ्या माणसाभोवती, खऱ्या जागेभोवती वाढते. आपल्या शेजारचे अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले म्हणतात. तिथला शिलालेख मात्र शके ९८२ सांगतो, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहारांचा काळ. अशी आख्यायिका निरुपद्रवी वाटते. पण नाशिकच्या बौद्ध लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले की दान देणारे उपासक आणि तिथे राहणारे भिक्खू पुसले जातात.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावताराच्या कथा टाकून दिल्या नाहीत. त्यांची खिल्ली उडवली आणि मग त्यांत दडलेली पराभवाची आठवण शोधली. त्यांचा प्रत्येक तर्क आज इतिहास म्हणून टिकेलच असे नाही. पण कथेची उलटतपासणी कशी करायची, हे त्यांनी दाखवले. बाबासाहेबांनी तर आपल्याच परंपरेलाही सूट दिली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर प्रेत पाहिलेच नव्हते, हे त्यांना पटले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला वाद हे गृहत्यागाचे कारण मांडले. त्या मुलीला द्यायचे उत्तर हेच होते. आम्ही ते आठवडाभराने दिले.

म्हणींचेही तसेच. आमच्यातल्या एकाला डोंबिवलीत कामाच्या ठिकाणी “गाव तिथे महारवाडा” ऐकवले गेले. तो चिडला तर उत्तर मिळाले, “अहो, नुसती म्हण आहे ती!” वाच्यार्थ घेतला तर ती वस्तीची साधी नोंद वाटते. लक्ष्यार्थ असा, की चांगल्या जागीही काहीतरी वाईट असायचेच. अपमान या दुसऱ्या अर्थात आहे. स्पर्धा परीक्षेसाठी आपली मुले वाच्यार्थ, लक्ष्यार्थ पाठ करतात; ते शब्द इथे बाहेर काढायला काय हरकत आहे?

ती मुलगी आता आजीकडून म्हणी गोळा करते. वहीत आम्ही दोन रकाने आखायला सांगितले होते, वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ. तिसरा तिने स्वतःच आखला: कोण कोणाला म्हणतो?