पणजीचं माहेरचं नाव काय?

मैत्रिणींनो, आपल्या खानदेशात आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. पण सासरच्या पणजीचं माहेरचं नाव विचारलं, तर सांगता येईल? लग्नात नाव बदललं की पहिलं पुसलंच जातं. पुरुषांची वंशावळ कुठं तरी मिळते. बायकांची नावं मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहतात. ती माणसं गेली की संपलं!

म्हणून घराण्याची माहिती जमवताना आधी माणसं, मग कागद. एक जाड वही घ्या. आखाजीला माहेरवाशिणी जमल्या, की आत्याबाईंना, मावशींना विचारा : दोन्ही नावं, गाव, कुलदैवत. सांगणारीचं नाव आणि तारीखही लिहा. फोटोंच्या पाठीमागे हलक्या हातानं पेन्सिलीनं नावं घाला.

मग शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि शेतीचे जुने फेरफार काढा. वारसनोंदीत विधवेचं, मुलींचं नाव सापडू शकतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहा. जुन्या कागदांवर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’ दिसला तर गोंधळू नका, तो आपलाच. नंदुरबारही १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं.

माळ्यावर मोडीतले कागद असतील तर रद्दीत घालू नका हं! इतिहासाचार्य राजवाड्यांनी असेच कागद गावोगाव हिंडून जमवले. १९२६ साली ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं आहे.

पण कागद थांबतील, आजी थांबणार नाही. आज संध्याकाळीच विचारा.