फोनवरचे शास्त्र आणि चौरंगावरचे शास्त्र



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. दहा दिवस, दहा अध्याय. गेल्या पर्वात मी ते सगळे फोनवर वाचले. डबे, शाळा, मंदिर या धावपळीत तेच सोयीचे वाटले. नवव्या दिवशी सासूबाईंनी सहज विचारले, "आज काय वाचलंस गं?" मला धड दोन वाक्ये सांगता येईनात. वाचताना मध्येच दूधवाल्याचा मेसेज आला होता, मग महिला मंडळाच्या ग्रुपवर साडीच्या रंगाची चर्चा. मन एका विषयावर स्थिर करणे म्हणजे ध्यान, हे ज्या अध्यायात सांगितले आहे, तोच मी असा वाचला होता!

हा दोष फक्त माझा नाही, असे दिसते. 2018 साली 54 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर तो जास्त समजतो, आणि वेळेची घाई असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. गोष्टी वाचताना मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे करमणुकीची कथा फोनवर खुशाल वाचावी. पण सूत्रे म्हणजे गोष्ट नव्हे. तिथे एकेका शब्दापाशी थांबावे लागते.

कोणी म्हणेल, कागदाचा एवढा आग्रह कशाला? खरे आहे, कागदच पवित्र असे काही नाही. आपली शास्त्रे आधी ताडपत्रांवर होती, आणि ती छापायला सुरुवात झाली तेव्हा आपल्याच समाजात मोठा विरोध झाला होता. पण छपाईमुळेच ती घराघरांत, बायकांच्या हातात आली. फोनचेही उपकार आहेत. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, त्या टॅबवर अक्षर मोठे करून वाचतात. परदेशातल्या लेकीसुनांना तर दुसरा आधारच नाही.

त्याच नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. माझ्या अनुभवात फोनवर वाचना होते, पण अनुप्रेक्षेला, म्हणजे वाचलेल्याचे चिंतन करायला, जागाच उरत नाही. बोट लगेच पुढे सरकते.

म्हणून आता मी घरात नियम केला आहे. संदर्भ शोधायचा, प्रवासात वाचायचे, तर फोन. रोजच्या स्वाध्यायाला मात्र चौरंगावर ग्रंथ, आणि फोन दुसऱ्या खोलीत. पाच सूत्रे झाली तरी चालतील. ज्यांना फोनशिवाय पर्याय नाही, त्यांनी निदान तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावे.

आणि वाचून झाले की घरातल्या कुणाला तरी दोन वाक्यांत सांगावे. सांगता आले, तरच वाचले म्हणायचे.