वरून चटणी

कोल्हापूरच्या माणसाला फिकं म्हणून चालत नाही. रस्सा तांबडा तर तांबडा, पांढरा तर पांढरा. मधल्याच रंगाचं काही वाढलंत, तर पाव्हणा चमचा खाली ठेवून विचारतो, "घरात कुणी आजारी हाय काय?" अशा गावात राहून मी कित्येक वर्षं घरच्या न्हाणीत फिल्म धुतली आणि फिके फोटो काढले. आभाळ राखाडी, रंकाळा राखाडी आणि रंकाळ्यातली म्हैससुद्धा राखाडी! म्हशीला राखाडी करणं सोपं नाही. त्याला साधना लागते.

फोटो फिका आला की सल्लागार जमत. आमच्या गावात कुस्तीवर आणि फोटोवर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. आणि सगळ्यांचं मत एकच : "हार्ड पेपर घे!" जरा जास्त शिकलेला असला तर म्हणे, "डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं जादा ठेव." हा लेख मी या हार्डपेपरपंथीयांविरुद्ध लिहितो आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. माझा राग जुना आहे, त्याचा नंबर आधी लागतो.

पहिल्यांदा माझे गुन्हे कबूल करतो. देव्हाऱ्यातला झिरोचा लाल बल्ब आईची नजर चुकवून मी न्हाणीत लावला आणि त्याच्या उजेडात फिल्म धुतली. ब्रोमाईडच्या कागदाला लाल दिवा चालतो. साध्या पॅन फिल्मला मात्र लाल रंगही दिसतो, तिला ठार काळोख लागतो. सबंध फिल्मवर धुकं पसरलं. देवही काळोखात बसले ते वेगळंच. दुसरा गुन्हा काटकसरीचा. चहाची पूड दुसऱ्यांदा उकळावी तसा एकच डेव्हलपर मी चार-चार रोलना पुरवला. दमलेल्या डेव्हलपरकडून कॉन्ट्रास्ट मागणं म्हणजे महिनाअखेरीला कारकुनाकडे उसने मागणं. तिसरा गुन्हा पाण्याचा. डी-७६ हे कोडॅकचं १९२७ सालचं सूत्र. त्याची वेळ सांगतात ती २० अंशांची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश असतं, असं मानणारा माणूस एक तर उटीचा असतो किंवा मी असतो. पुढे परातीत बर्फ घालून त्यात डबा ठेवायला शिकलो, तेव्हा कुठे हिशेब जुळू लागला.

हे सगळं सुधारलं, तरी खरं दुखणं उरलंच. ते कळलं वडिलांच्या फोटोत.

वडील सोप्यात बसले होते. काळी टोपी, सावळा चेहरा, आणि मागे अंगणापलीकडची चुन्याची भिंत उन्हात लखलखत होती. मी फिल्मच्या खोक्यावरची चित्रं बघून कडक उन्हाचं एक्स्पोजर दिलं. म्हणजे फोटो वडिलांचा आणि एक्स्पोजर भिंतीचं! निगेटिव्ह धुतली तर चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी काच. सल्लागार आले. हार्ड पेपर आला. भिंत झकास पांढरी झाली, टोपी झकास काळी झाली आणि वडिलांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पडले. वडील फोटो बघून एवढंच म्हणाले, "भिंत बरी आलीय."

त्यानंतर वर्षाच्या आत ते गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि माझ्याकडे भिंतीचाच फोटो होता.

आता तुम्हीच सांगा, हार्ड पेपरनं काय करावं? निगेटिव्हमध्ये जो थोडाफार फरक असेल तो हा कागद ताणून दाखवतो. जिथे फरकच नाही तिथे ताणणार काय? जादा वेळ धुण्याचंही तेच. वेळ वाढवली की उजेडाचे भाग भराभर दाट होतात. सावल्या मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणून जाणते सांगत आले : एक्स्पोजर सावलीसाठी द्यावं, डेव्हलप उजेडाकडे बघून करावं. पावसाळ्यातला मळकट उजेड असेल तर वेळ पाचव्या हिश्शानं वाढवा, रणरणत्या उन्हात तेवढीच कमी करा. पण सावली आधी पोटभर जेवली पाहिजे. रश्श्यात मटणाचं पाणीच नसेल, तर वरून कितीही कांदा-लसूण चटणी ओता. तोंड पोळेल, चव येणार नाही.

आणि हे कुठल्या गावात सांगावं लागतं? बाबूराव पेंटरांनी दादासाहेब मिस्त्रींना हाताशी घेऊन जिथे कॅमेराच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या गावात! १९२३ च्या 'सिंहगड'साठी पेंटरांनी दिवे लावून उजेड उभा केला. मुळात चित्रकार माणूस. काळं-पांढरं कुठे हवं ते कॅमेऱ्यासमोरच ठरवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांचं नाव घेऊन हार्ड पेपर सुचवणाऱ्यांना मी एकदा पंचगंगेच्या घाटावर उभं करून जाब विचारणार होतो. पण माणसं फार निघाली आणि घाट अपुरा पडला.

वडिलांच्या त्याच रोलवर शेवटची एक निगेटिव्ह होती. हाताच्या धक्क्यानं कॅमेऱ्याची कडी १६ वरून ८ वर सरकलेली. म्हणजे उजेड चौपट. निगेटिव्ह इतकी दाट की सल्लागार म्हणाले, "ही टाकून दे, वाया गेली." ते गेल्यावर एका रात्री मी ती साध्या कागदावर, एन्लार्जरखाली बराच वेळ देऊन छापली. भिंत दाट होती, तिला हातानं आडोसा न करता चेहऱ्याच्या दुप्पट वेळ दिला. ट्रेमध्ये पहिल्यांदा टोपी उमटली, मग कपाळ, मग डोळे. डोळ्यांत सोप्यातला उजेडसुद्धा होता. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला फोटो माझ्या चुकीनं निघाला. सल्ल्यानं एकही निघाला नाही.

परवा पुतण्या तो फोटो मोबाईलमध्ये घेऊन बसला. हल्ली पोरांना फिल्मचा पुन्हा नाद लागला आहे. बोट टेकवून म्हणाला, "काका, जरा कॉन्ट्रास्ट वाढवू?"

मी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि जेवायला बसवलं. पांढरा रस्सा वाढला. चटणीची बरणी मुद्दाम फडताळात ठेवली.