एबी फॉर्म कोणी दिला?

९ नोव्हेंबर २०१६ च्या दुपारी मी उल्हासनगरच्या गजानन मार्केटात पडद्याच्या कापडाचे राहिलेले पैसे द्यायला गेलो होतो. खिशात पाचशेच्या नोटा होत्या, म्हणजे खिशात काहीच नव्हतं. आदल्या रात्री आठ वाजता त्या रद्द होत असल्याची घोषणा झाली होती. बँका बंद, एटीएम बंद. शेठ गल्ल्यावर हात ठेवून बसले होते आणि मी त्यांना तीच नोट तिसऱ्यांदा दाखवत होतो. एकच्या सुमारास टीव्हीवर खालून पट्टी सरकली. दुकानातला पोरगा ओरडला, "शेठ, यूएसएचा अध्यक्ष बदलला!" शेठ मान वर न करता म्हणाले, "आपल्या की त्यांच्या?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. उल्हासनगरात बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' छापतात आणि विचारलं तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असं सांगतात, हा विनोद या पट्ट्यात चाळीसेक वर्षं चालतो आहे. शेठनी तोच वापरला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण आपल्या यूएसएलाही एक वादग्रस्त अध्यक्ष लाभला होता. १९८६ साली सुरेश ऊर्फ पप्पू कलानी उल्हासनगरचे नगराध्यक्ष झाले. १९९० ला काँग्रेसच्या तिकिटावर आमदार. मग टाडा, मग तुरुंग, आणि तुरुंगात असतानाही आमदारकी.

अशा माणसाला लोक निवडून देतात तरी कसे? दोन्ही यूएसएंबद्दल जाणत्यांनी दिलेलं उत्तर एकच आहे: दोष लोकांचा. तिकडे म्हणतात, गरीब गोरा कामगार चिडला आणि संतापाची लाट आली. इकडे म्हणतात, दहशत. अंबरनाथ-बदलापूरच्या दिवाणखान्यांत हे वाक्य आणखी आखूड होतं: "उल्हासनगर आहे ते, दुसरं काय होणार?" मीही ते बरीच वर्षं म्हटलं आहे, त्यामुळे आज त्याच्यावर तुटून पडताना थोडा स्वतःवरही राग आहे.

दहशत नव्हती असं माझं म्हणणं नाही. नव्वदच्या दशकात रात्री नऊनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात थांबायचं नाही, अशी आमच्या घरात ताकीद होती. पण दहशतीनं मतं मिळतात का, ते निकाल बघून ठरवावं. कलानी तुरुंगात होते तेव्हा निवडून आले. पुढे बाहेर आले, गावात राहू लागले, आणि २००९ मध्ये भाजपच्या कुमार आयलानींकडून हरले. दहशतीचं गणित खरं असतं तर हिशेब नेमका उलटा व्हायला हवा होता. डिसेंबर २०१३ मध्ये इंदर भतिजा खून खटल्यात कल्याणच्या न्यायालयानं त्यांना जन्मठेप सुनावली. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, ऑक्टोबर २०१४ च्या मोदी लाटेत, त्यांच्या पत्नी ज्योती कलानी राष्ट्रवादीच्या चिन्हावर त्याच आयलानींना हरवून विधानसभेत गेल्या. जन्मठेपेच्या कोठडीतला माणूस कोणाच्या दारावर उभा राहून धमकावत होता?

आता त्यांच्या यूएसएकडे. तिथल्या लाटेची गोष्ट जगभर इतकी छापली गेली की आकडे बघायची कोणाला गरजच वाटली नाही. २०१६ ला ट्रम्पना ४६.१ टक्के मतं पडली. चार वर्षं आधी त्यांच्याच पक्षाच्या मिट रॉम्नींना ४७.२ टक्के पडली होती, आणि रॉम्नी हरले होते. हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली. ज्या विस्कॉन्सिन राज्यानं इतिहास घडवला म्हणतात, तिथे रॉम्नींना १४ लाख ७ हजार मतं होती, ट्रम्पना १४ लाख ५ हजार. जास्त मतं घेऊन हरला त्याच्यामागे लाट नव्हती, आणि कमी घेऊन जिंकला त्याच्यामागे होती, असं हे शास्त्र आहे! उमेदवारी मिळाल्यावर क्लिंटनबाई विस्कॉन्सिनमध्ये प्रचाराला एकदाही फिरकल्या नाहीत, हे मात्र त्या शास्त्रात तळटीपेत असतं. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतली आघाडी मिळून ७८ हजारांच्या आत. आमच्या ठाणे जिल्ह्यात एकनाथ शिंदे २०२४ ला एकट्या कोपरी-पाचपाखाडीतून १ लाख २० हजारांनी आले.

आणि तो गरीब चिडलेला कामगार? मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत वर्षाला ५० हजार डॉलरच्या खाली कमावणाऱ्यांची बहुसंख्या क्लिंटनकडे होती. ट्रम्पकडे कोण होतं? रिपब्लिकन होते. दहातले नऊ रिपब्लिकन त्यांच्याकडे गेले, जसे ते चार वर्षं आधी रॉम्नींकडे गेले होते. लाट वगैरे काही नाही. लोकांनी नेहमीचं बटण दाबलं.

प्रश्न मग असा उरतो की नेहमीच्या बटणासमोर हा माणूस आला कसा. इथे आपल्याकडचा एक शब्द कामाला येतो, जो अमेरिकेच्या पंडितांकडे नाही: एबी फॉर्म. ए फॉर्मवर पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की चिन्ह वाटायचा अधिकार अमक्याला आहे. बी फॉर्मवर तो अमका उमेदवाराचं नाव लिहितो. सही शाईची लागते, शिक्का चालत नाही, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कागद टेबलावर पोचावा लागतो. तीन वाजून पाच मिनिटांनी पोचलेला उमेदवार अपक्ष असतो, मग त्याच्यामागे कितीही मोठा जनसागर असो. माझं म्हणणं एवढंच आहे: वादग्रस्त 'बाहेरचा' माणूस अध्यक्ष होतो तेव्हा तो कागद आतल्या कोणीतरी त्याच्या हातात दिलेला असतो, किंवा आपसात भांडताना खाली पाडलेला असतो.

पुरावा म्हणून रॉस पेरो घ्या. टेक्ससचा अब्जाधीश, फटकळ, राजकारणात नवा, पक्षाशिवाय उभा. १९९२ ला त्यानं देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं घेतली. अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधींपैकी त्याला मिळाले शून्य. हा खरा बाहेरचा. ट्रम्पनी त्याच्यापेक्षा शहाणपणाचं काम केलं, ते रिपब्लिकनांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत १७ जण होते. न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत मतदानात ट्रम्पना ३५ टक्के मिळाले, म्हणजे ६५ टक्के पक्षानं त्यांना नाकारलं. साऊथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्के मिळाले आणि नियमाप्रमाणे पक्षाचा उमेदवार ठरवणारे तिथले सगळे ५० प्रतिनिधी त्यांच्या झोळीत पडले. उरलेल्या सोळांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्या पंधरांनी माघार घ्यावी. जेब बुश यांच्यासाठी समर्थकांनी १० कोटी डॉलरहून जास्त निधी उभा केला. पदरात प्रतिनिधी पडले चार. (आमच्याकडे एवढ्या खर्चात निदान पॅनल तरी आलं असतं.) दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ हे आपल्याला पाठ असतं, सोळांच्या भांडणात सतराव्याचा किती लाभ होतो ते तिथे दिसलं. ७ ऑक्टोबर २०१६ ला ट्रम्प बायकांबद्दल घाणेरडं बोलतानाची ती कुप्रसिद्ध ध्वनिचित्रफीत बाहेर आल्यावर सभापती पॉल रायन म्हणाले, मी यापुढे त्यांचा बचाव करणार नाही. पाठिंबा मात्र मागे घेतला नाही. ही आतल्या माणसाची भाषा महाराष्ट्राला परकी वाटू नये. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ पक्ष कार्यालयात होतं. बंडखोर हा शब्द आपण उगाच घडवला नाही.

कोणी म्हणेल, आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तर अपक्ष जिंकला होता. बरोबर, १९६९, व्ही. व्ही. गिरी. ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि त्यांच्या अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही. मग त्यांनीच आमदार-खासदारांना 'सद्सद्विवेकबुद्धीनं' मत द्यायला सांगितलं. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. विद्वत्ता, चारित्र्य, त्याग, सगळं होतं. मागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होता, पंतप्रधान नव्हत्या. पहिल्या पसंतीची १ लाख १२ हजारांवर मतमूल्यं घेऊन ते तिसरे राहिले. त्यांची दुसरी पसंती मोजल्यावरच निकाल लागला: गिरी ४ लाख २० हजार, रेड्डी ४ लाख ५ हजार. अपक्ष जिंकला म्हणतात. मला तरी तिथे पंतप्रधान जिंकलेल्या दिसतात.

माझ्या मुद्द्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो उल्हासनगरातूनच येतो. काँग्रेसनं हात झटकले तरी कलानी निवडून येतच राहिले, मग एबी फॉर्मचं काय? मला हा आक्षेप बराच काळ सुटत नव्हता. उत्तर मला कागदांतच सापडलं, पण निवडणुकीच्या कागदांत नाही.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत लाखभर सिंधी माणूस आणून ठेवला. १९४९ ला गावाला नवं नाव दिलं. बराकीतल्या खोलीची माणसानं भिंत सरकवली, मग माळा चढवला, मग मजला. जमिनीची सनद कोणाला मिळाली, कोणाला नाही. अशा गावात जवळजवळ प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या कलमाखाली बेकायदा असतं, आणि बेकायदा घरातला माणूस कायद्याकडे जात नाही, 'भाई'कडे जातो. २००५ च्या आसपास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ८५५ इमारती पाडायची वेळ आली तेव्हा सरकारनं २००६ मध्ये एका शहरापुरता वेगळा कायदा करून त्या वाचवायची सोय केली. म्हणजे सत्तावन्न वर्षांनी सरकारला आठवलं की इथे माणसं राहतात. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या आजींनी लोखंडी पेटीतून मला त्यांचे कागद दाखवले होते: निर्वासित असल्याचा पिवळा दाखला, पाण्याच्या पावत्या आणि घरपट्टीची बिलं, दोऱ्यानं बांधलेली. सनद त्यात नव्हती. "अर्जी दिली आहे बेटा," त्या म्हणाल्या. कधी, ते मी विचारलं नाही.

ज्या गावाला सरकारनं कागदच दिला नाही, तिथे कागदाशिवाय काम करून देणारा माणूस स्वतःच पक्ष होतो. पहिला एबी फॉर्म काँग्रेसनं दिला. एकदा त्या चिन्हावर नगरपालिका आणि आमदारकी हाताळल्यावर पुढचे फॉर्म घरातच छापले जाऊ लागले. ट्रम्पचंही तेच झालं. २०२४ मध्ये ३४ आरोपांत दोषी ठरूनही ते उमेदवार राहिले, अध्यक्ष निवडणारे ३१२ प्रतिनिधी घेऊन आले, आणि तोवर रिपब्लिकन पक्षात त्यांना फॉर्म नाकारणारा कोणी उरलाच नव्हता. आता मात्र तुम्ही लाट म्हणा, मी अडवणार नाही. पण ही लाट आधी दार उघडून आत घेतलेल्या पाण्याची आहे.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शके ९८२ च्या शिलालेखात माम्वाणी राजाचं नाव आहे. बांधकाम छित्तराजाच्या वेळी सुरू झालं असं मानतात. जो शेवटी आला त्याचं नाव दगडावर. सुरुवात कोणी केली ते अभ्यासकांनी शोधायचं. निवडणुकांचा इतिहासही आपण असाच दगडावरचं शेवटचं नाव वाचून लिहितो.

नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, याचा नियम महाराष्ट्रात २००१, २००६, २०१६, २०२० आणि २०२२ असा पाच वेळा उलटापालटा झाला. दर वेळी भाषण लोकशाहीचं होतं आणि सोय त्या वेळच्या सत्तेची. त्यातल्या थेट निवडीच्या नियमानं डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथला नगराध्यक्षपद भाजपकडे गेलं आणि सभागृहात सर्वांत मोठा गट शिंदेंच्या शिवसेनेचा आला. मग भाजपनं आघाडी केली ती काँग्रेसच्या नगरसेवकांशी. काँग्रेसनं त्यांना निलंबित केलं, ते भाजपमध्ये गेले. यात बाहेरचा कोण, हे मला आजतागायत कोणी समजावू शकलेलं नाही.

त्या निवडणुकीच्या गडबडीत शिवमंदिराच्या बाजूच्या कट्ट्यावर आमचे एक शेजारी भेटले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, एकेकाळी अपक्ष उभे राहून डिपॉझिट घालवलेले. चाळीतल्या प्रत्येकाचं रेशनकार्ड त्यांनी कधी ना कधी करून दिलेलं आहे. मी म्हटलं, "काका, पुन्हा उभे राहा की. माणूस म्हणून तुम्हाला कोण नाही म्हणेल?"

"कोणीच नाही म्हणालं नव्हतं," ते म्हणाले. "निकालाच्या संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातली वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, भाऊ, मनात तुम्हीच होतात, पण हात सवयीनं नेहमीच्या बटणावर गेला." मग वालधुनी नदीकडे बघत त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "तू एबी फॉर्म आण. तीनच्या आत आण."