बाटली उघडा, पण दात आणि डोळे राखून

फरीदाबादमध्ये मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी घरी साखरपुडा असतो, नाहीतर मुलाच्या निकालाचे पेढे असतात. काचेच्या बाटल्यांचे क्रेट येऊन पडतात, टबात बर्फ ओतला जातो, पाहुणे घामाने निथळत असतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ओपनर नाही. इथून पुढची पाच मिनिटं धोक्याची. एक तरुण पुढे होतो आणि झाकण सरळ दाढेखाली धरतो. दुसरा ओट्याच्या कडेला बाटलीची मान टेकवून वरून तळहाताचा फटका मारतो. तिसरा स्वयंपाकघरातून सुरी घेऊन येतो. घरातल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या क्षणी गप्प बसू नका, मध्ये पडा. बाटली ओपनरशिवाय उघडता येते, आणि विनासायास येते. फक्त या तीन रस्त्यांनी जायचं नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही. पुण्यात १८८४ पासून अर्देशीरचा सोडा आहे, मुंबईत १८६५ पासून पालनजींचा. इराण्याच्या हॉटेलात रास्पबेरी मागवली की बाटली उघडून देणारा पोऱ्या ओपनर खिशात घेऊनच फिरायचा. रेल्वे फलाटावर विक्रेता बाटल्यांवरून ओपनर फिरवत यायचा, तो खळखळाट डब्यात बसल्या बसल्या ऐकू यायचा. दुकानात थंड पेटीच्या अंगालाच ओपनर ठोकलेला असे. उघडायचं काम दुसऱ्याचं होतं. नंतर प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, फिरकीचं झाकण आलं, आणि घरातला ओपनर ड्रॉवरच्या तळाशी जाऊन हरवला. काचेच्या बाटल्या मात्र गेल्या नाहीत. लग्नकार्यात, पार्टीत त्या अजून क्रेटने येतात, आणि आपल्या हाताला सवय राहिलेली नसते.

म्हणून आधी त्या झाकणाकडे नीट बघा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर या माणसाने १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याला २४ कंगोरे होते, आता २१ असतात. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा बाटलीच्या ओठावर दाबून बसवलेला असतो आणि आतून एक मऊ चकती गॅस अडवून धरते. पेंटरने ते एकदा वापरून फेकून देण्यासाठीच बनवलं. त्याच्याच कंपनीत विक्रेता असलेल्या किंग जिलेटने पुढे एकदा वापरून टाकायचं दाढीचं पातं काढलं, ते याच धड्यावर. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ते झाकण परत लावायचं नसतं. ते वाकलं, चेपलं, फाटलं तरी काही बिघडत नाही. म्हणून सगळा जोर पत्र्यावर टाका. काचेवर नाही, दातांवर नाही. पत्रा वाकतो. काच आणि दात वाकत नाहीत, ते तुटतात.

फरीदाबादला हे निराळं सांगायला नको. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९-५० मध्ये इथे एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, वसवली गेली, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ते गाव उभं केलं. त्यानंतर एवढे कारखाने आले की गल्लोगल्ली पत्रा कापणारे आणि वाकवणारे हात तयार झाले. प्रेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की पत्रा एका झटक्यात वाकवायला गेलं की तो कुठेही फाटतो. थोडा इथे, थोडा तिथे, असा वाकवला की ऐकतो. बाटलीच्या झाकणाचंही तेच.

आता चमच्याने कसं उघडायचं ते. चमचा जाड स्टीलचा घ्या, जेवणाचा. चहाचा पातळ चमचा दांड्यातच वाकतो. बाटली टेबलावर किंवा जमिनीवर उभी ठेवा. मांडीत धरू नका. ओली असेल तर मान पुसून कोरडी करा, कारण निम्मे अपघात हात निसटल्यामुळे होतात असं मला वाटतं. डाव्या हाताने मान मुठीत घट्ट धरा, इतकी वर की तर्जनी झाकणाच्या अगदी खाली येईल, मध्ये चमच्याचा दांडा सरकेल एवढीच फट राहील. हातरुमालाची घडी मुठीभोवती घ्या. तो बोटाला टेकू देतो आणि काच तडकलीच तर तळहात वाचवतो. उजव्या हाताने चमच्याच्या दांड्याचं टोक एका कंगोऱ्याखाली घाला, दांडा तर्जनीच्या पेरावर टेकवा आणि चमच्याची वाटी खाली दाबा. तर्जनी इथे टेकूचं काम करते. टेकू झाकणाच्या जितका जवळ, तितका जोर कमी लागतो. मूठ खाली घसरली की सगळी मेहनत वाया जाते आणि माणूस चिडून जास्त जोर लावतो. नेमकं तिथेच हात कापतो.

पहिल्याच दाबात झाकण उडेल अशी अपेक्षा ठेवू नका. एक कंगोरा थोडा वर आला की बाटली जराशी फिरवा आणि शेजारचा उचला. मग त्याच्या शेजारचा. पाच-सहा कंगोरे सुटले की ‘फुस्स’ आवाज येतो. तिथे थांबा. गॅस पूर्ण जाऊ द्या, फेस खाली बसू द्या, मग उरलेलं झाकण काढा. या सगळ्यात एखादा मिनिट जातो. पाहुणे थांबतात.

चमच्याहून चांगली हत्यारांच्या डब्यातली पक्कड. तिने झाकणाची कड चिमटीत धरायची आणि बाहेरच्या बाजूला वर मुरडायची, मग दुसऱ्या जागी. पाच-सात ठिकाणी मुरडलं की झाकण सैल होऊन हातात येतं. स्कूटरच्या टूलकिटमधला पानाही चमच्यासारखाच वापरता येतो, फक्त तो धुवून पुसून घ्या. आणि सगळ्यात आधी घरातलं नेलकटर उघडून बघा. पुष्कळ नेलकटरमध्ये कानशीच्या पट्टीबरोबर खाच असलेली एक पट्टी असते, ती ओपनरच असते. बरीच वर्षं घरात असून ती कुणी बाहेर ओढलेली नसते. काही झाकणांना ओढायची कडीही असते, तेव्हा हत्यार शोधण्याआधी झाकण एकदा फिरवून बघा.

किल्लीने उघडतं, पण घराची किल्ली वाकली तर रात्री दाराबाहेर बसावं लागेल. सिगारेटच्या लायटरचा खालचा भाग वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात ज्वालाग्राही वायू दाबाखाली भरलेला असतो आणि भोवती प्लास्टिकचं कवच, तेव्हा तो राहू द्या. एका बाटलीच्या झाकणाने दुसरीचं उघडणं दिसायला छान, पण कधी नको ती बाटली उघडते तर कधी दोन माना एकमेकींवर आपटतात. सुरी तर कधीच नाही. तिचं टोक निसटलं की ते मान धरलेल्या हातातच शिरतं.

कडेवर ठेवून फटका मारण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही पद्धत सगळ्यांना सोपी वाटते. परत जाणारी काचेची बाटली पुन्हापुन्हा धुऊन भरली जाते. कारखान्यात, ट्रकमध्ये, क्रेटमध्ये ती शेकडो वेळा आपटलेली असते. तिच्या ओठावर डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते. फटक्याने झाकण निघतं आणि त्याबरोबर ओठाचा टवका उडतो, कधी बाहेर, कधी आत. आत पडलेला काचेचा कण पेयात दिसत नाही. म्हणून कुठल्याही पद्धतीने उघडलेल्या बाटलीच्या ओठावरून आधी नजर फिरवा, नखाने हलकेच चाचपा. टवका उडालेला असेल तर ती बाटली ओतून द्या. गाळून घेऊ नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका. दहा-वीस रुपयांचं पेय गेलं तर जाऊ दे.

इथल्या उन्हाळ्याचा एक नियम पाठच करून ठेवा. गरम किंवा हिंदकळलेली बाटली उघडायची नाही. थंड पाण्यात वायू विरघळून राहतो, पाणी तापलं की तो बाहेर यायला बघतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत जेवढा दाब असतो त्याच्या दुपटीहून जास्त दाब ४० अंशांना तयार होतो. मथुरा रोडवर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतला क्रेट घरात आणून लगेच उघडू नका. तो सावलीत ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात, आणि उघडण्याआधी बाटली काही वेळ हालचालीविना उभी राहू द्या. घाई म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर उलटाच अपघात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काच फुटते. दिल्लीकडे मिळणारा बंटा, म्हणजे आपला गोटी सोडा, यालाही हाच नियम. हायरम कॉडने १८७२ मध्ये काढलेल्या त्या बाटलीला झाकण नाही. आतल्या वायूनेच गोटी तोंडाशी दाबून धरलेली असते आणि ती लाकडी खुंटीने आत ढकलायची असते. उन्हात तापलेला बंटा चेहऱ्यासमोर धरून खुंटी दाबणं म्हणजे संकटाला बोलावणं.

चेहऱ्याचं म्हणाल तर, झाकणाच्या रेषेत कुणाचाही डोळा नको. तुमचाही नको आणि बघायला गोळा झालेल्या मुलांचा तर नकोच. मुलं नेमकी टेबलाच्या उंचीची असतात. त्यांना दोन पावलं मागे घ्या. चष्मा असेल तर घाला. उघडताना झाकणावर रुमालाचं टोक टाकलं की ते उडालं तरी तिथेच अडकतं. दाबाने उडालेलं झाकण डोळ्यावर बसलं तर आत रक्त साचू शकतं, भिंग सरकू शकतं, पडदा फाटू शकतो. वेदना तासाभरात कमी झाली म्हणजे डोळा वाचला असं नसतं. आतला दाब नंतरही वाढू शकतो. अशा वेळी चोळू नका, दाबू नका, गुलाबपाणी घालू नका, घरातले जुने ड्रॉप टाकू नका. काच रुतलेली असेल तर उपसू नका. कागदाचा कप डोळ्यावर उपडा धरा, तो हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही. मग थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. दिल्लीत एम्सच्या आवारात १९६७ पासून डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे, आणि फरीदाबादहून ते त्याच दिवशी पोचण्यासारखं आहे. गाडीची सोय नसेल तर ११२ लावा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका.

दातांबद्दल तरुणांना विनवतो. दातावरचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण ते ठिसूळ असतं आणि एकदा तुटलं की पुन्हा वाढत नाही. आज टवका उडाला नाही, नुसती बारीक चीर गेली, तरी पुढे कधीतरी चणे खाताना तोच दात दुभंगतो. दाताचा तुकडा पडला तर तो दुधात टाका आणि सोबत न्या. अख्खा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. तेवढ्या वेळात तो पुन्हा बसवता येण्याची आशा असते.

हात कापला तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात वर करा. रक्त थांबलं तरी बोट वाकवून बघा. ते पुरतं वाकत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल तर आतली नस किंवा स्नायूची दोरी कापली गेली आहे असं समजा आणि पट्टी बांधून कामावर जाऊ नका. या पट्ट्यातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत यंत्रांवर बोटं गमावणाऱ्या कामगारांचा हिशेब सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालांतून मांडते आहे. हातावर पोट असलेल्यांच्या या शहरात एका सोड्याच्या बाटलीपायी बोट जाणं मला सहन होत नाही.

कार्यक्रम संपला की झाकणं मोजा. जितक्या बाटल्या तितकी झाकणं टोपलीत पडली पाहिजेत. वाकवून काढलेल्या पत्र्याची धार रात्री अनवाणी चालणाऱ्या मुलाच्या टाचेत जाते.

आणि ओपनर विकत घ्या. बाजारात भांड्यांच्या कुठल्याही दुकानात तो दोन-चार चहांच्या पैशांत मिळतो. एक फ्रिजच्या मुठीला दोरीने बांधून टाका, म्हणजे ड्रॉवरमध्ये हरवणार नाही, आणि एक गाडीत ठेवा. केटररला पैसे देताना ओपनर त्याने आणायचा हे बोलून घ्या. पुढच्या कार्याची यादी कराल तेव्हा बाटल्यांच्या क्रेटखालच्याच ओळीत लिहा: ओपनर, २ नग.