शंभराची नोट जाते कुठे?

हिंगोलीला तीन दिवस शिकवायला चाललोय म्हटल्यावर ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकने विचारलं, ‘हिंगोली एक्झॅक्टली कुठे रे?’ उरलेल्यांनी विचारलं, ‘तिथे बघायला काय आहे?’ यात त्यांची काही चूक नाही. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्या वीकएण्डच्या नकाशावर नाहीच. आपला वीकएण्ड महाबळेश्वर, अलिबाग आणि फारच उत्साह असेल तर गोवा, एवढ्यातच संपतो.

शिकवायचा विषय होता सस्टेनेबल टुरिझम. समोर बारावीच्या व्होकेशनलची पोरं-पोरी. पुस्तकी मराठीत याला शाश्वत पर्यटन म्हणतात. फळ्यावर शब्द लिहून अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘सर, शाश्वत म्हंजे आत्मा. कीर्तनात सांगतेत.’ वर्ग खदाखदा हसला. पण संत नामदेवांचं जन्मगाव नर्सी जिथून जवळ आहे, तिथे हा शब्द कीर्तनातूनच भेटणार ना!

मग मी १९८७च्या ब्रुंडलँड अहवालाची सुप्रसिद्ध व्याख्या सांगितली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं वगैरे. पाच मिनिटांत तिसऱ्या बाकापर्यंत जांभया पोहोचल्या. व्याख्या पुसली आणि खिशातून शंभराची नोट काढली. म्हटलं, पुण्याहून चौघांचं कुटुंब गाडी काढून औंढा नागनाथाच्या दर्शनाला आलं असं धरू. त्यांच्या खर्चातली एक-एक नोट कुठे उतरते, ते तुम्ही सांगा.

आता वर्ग जागा झाला. पेट्रोल? पुण्यातच भरलं. जेवण आणि मुक्काम? नांदेडला, तिथे हॉटेलं बरी. पाण्याची बाटली? कंपनीची. पोराने हट्ट करून घेतलेली प्लास्टिकची गाडी? ती कुठून येते ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. नारळ तरी आपला? नाही, तोही दुरून ट्रकने येतो. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, बेल तेवढा आमचा.’ तिची मावशी बेलफुलं विकते.

टुरिझमच्या भाषेत याला लीकेज म्हणतात, म्हणजे गळती. हा शब्द मात्र कुणाला समजवावा लागला नाही. कालव्याचं पाणी शेताच्या टोकाला पोहोचेपर्यंत किती उरतं, हे मराठवाड्यातल्या पोराला आपण काय शिकवणार?

माझ्या मते विषयाचा सगळा फंडा इथे आहे. आपल्याकडे सस्टेनेबल म्हटलं की कापडी पिशवी, बांबूचा ब्रश आणि ‘इको’ नावाचं महागडं रिसॉर्ट आठवतं. प्लास्टिक नकोच, २०१८पासून राज्यात त्यावर बंदीही आहे. पण ज्या गावाला पाहुण्याचा कचरा मिळतो आणि पैसा मिळत नाही, ते गाव आपलं तळं, टेकडी, देऊळ सांभाळायला वेळ का काढेल?

कोकणातलं वेळास आठवा. कासवांची अंडी वाचवण्याचं काम तिथे आधी सुरू झालं, २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, तिथलंच जेवतात. कासव जगलं तर घरात चार पैसे येतात, एवढं साधं गणित. औंढ्याला कासवं नाहीत, पण हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली जीआय टॅग मिळाला. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं हा अख्खा कारभार शहरातल्या माणसाने डोळे विस्फारून बघावा असा. वर्गातल्या अनेकांच्या घरी हळदीची पोती आहेत. देवळाबाहेर विकायला शंभर ग्रॅमची पुडी मात्र एकाच्याही घरी बांधत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही औंढ्याला गेलो. मंदिर सॉलिड आहे. खालचं जुनं हेमाडपंती दगडी काम, त्यावरची शिल्पं आणि वर नंतरच्या काळातला चुनेगच्ची भाग. (खरं ज्योतिर्लिंग औंढ्याचं की द्वारकेजवळचं, या वादात मी पडणार नाही. मला हिंगोलीला परत जायचंय.) गाभारा जमिनीखाली, वाट अरुंद, छत इतकं खाली की वाकूनच उतरायचं. कॅरिंग कपॅसिटी म्हणजे काय हे त्या पायऱ्यांवर उभं राहून दोन मिनिटांत कळतं. आत मोजकीच माणसं मावतात, बाकीच्यांनी थांबायचं. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या मोसमात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिलीय आणि बुकिंग करून जावं लागतं, तेही याच तत्त्वावर. एक पोरगा म्हणाला, ‘सर, मग थांबलेल्यांना कोणी काही सांगतच नाही, नुसते उभे ऱ्हातेत.’ करेक्ट! विसोबा खेचर आणि नामदेवांची कथा, देऊळ फिरल्याची आख्यायिका, मागे राहिलेला नंदी, हे त्या रांगेला सांगणारा गाइड हवा. नर्सीला तर पंजाबातून भाविक येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांच्याशी हिंदीत, चार वाक्यं पंजाबीत बोलणारी मुलगी नर्सीचीच का नसावी?

माझी खरी तक्रार इथे आहे. या मुलांच्या हातात जे पुस्तक होतं त्यात रिसेप्शनवर कसं हसायचं आणि नॅपकिनची घडी कशी घालायची, याला भरपूर पानं. म्हणजे पोरांना तयार करायचं आणि पुणे-हैदराबादच्या हॉटेलांना पाठवायचं. ही पण गळतीच, नाही का?

आणि वेळ फार नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटी मंजूर केलेत, तिचे दोन बाहू चार-चार किलोमीटरचे. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांना शाळांच्या सहली जातात, इथेही जातील. गंमत म्हणजे हे यंत्र इतकं नाजूक की आसपासच्या वाहनांची कंपनंही त्याला खुपतात. बेफाम गर्दी परवडणार नाही असं हे पर्यटनस्थळ.

तिसऱ्या दिवशी गटांनी अर्ध्या दिवसाच्या सहलीचे हिशेब मांडले. अट एकच, निम्मे पैसे तालुक्यातच राहिले पाहिजेत. एका गटाने जेवण स्वतःच्या घरी ठेवलं, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी विचारलं, ‘आईला विचारलंत का?’ तर म्हणे, ‘विचारलं सर. आई म्हणली, दहा माणसं चालतील, पण आदल्या दिवशी सांगा. अन् मे महिन्यात नको, पाणी नसतं.’

जाणार असाल तर रेल्वेने नांदेड, तिथून औंढा साठेक किलोमीटर. दसऱ्याला गेलात तर हिंगोलीचा मोठा दसरा महोत्सवही बघता येईल. मुक्काम औंढ्यात करा आणि हळद तिथेच घ्या.