दिव्याखालचा अंधार

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहावे, असा रिवाज आहे. मी मात्र दिव्याखालच्या अंधाराविषयी लिहिणार आहे. आणि तो अंधार माझाच आहे.

शिक्षणासाठी पॅरिसला होतो, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सँत-शापेल नावाचे जुने प्रार्थनामंदिर पाहायला गेलो. येशूचा काटेरी मुकुट म्हणून पूजिला जाणारा अवशेष फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने मिळवला आणि तो ठेवण्यासाठी हे मंदिर उभारले. १२४८ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. खालचा मजला राजवाड्यातल्या नोकरचाकरांचा. छत ठेंगणे, उजेड बेताचा. ‘एवढ्यासाठी का तिकिटाचे पैसे मोजले?’ असे पुटपुटत मी अरुंद गोल जिना चढलो, आणि वर पाऊल टाकताच गप्प झालो.

भिंती जवळजवळ नव्हत्याच! छताचा भार दगडी फासळ्या आणि खांबांवर टाकलेला. मधली सारी जागा रंगीत काचेची. पंधरा उंच खिडक्या, त्यांत अकराशेहून अधिक चित्रे. बाहेर ऊन आले की माझ्या जुन्या कोटावरही निळा-तांबडा रंग उतरे.

शेजारी एक फ्रेंच आजीबाई बसल्या होत्या. महायुद्धात या काचा उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या होत्या, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. मग विचारले, ‘‘तुमच्याकडे असे काही आहे का?’’ मी अजिंठा-वेरूळ सांगितले. ‘‘आणि अगदी तुमच्या गावाजवळ?’’ माझे गाव कन्नड. ‘‘पितळखोऱ्याची लेणी आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘कशी आहेत?’’

काय सांगणार? मी ती पाहिलीच नव्हती! अण्णा दर सुट्टीत ‘‘चल रे’’ म्हणत, आणि मी ‘‘पुढच्या सुट्टीत जाऊ’’ म्हणे.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांना घेऊन निघालो. पण लेण्यांकडे दरीत उतरणाऱ्या पायऱ्या पाहून ते वरच बसले. ‘‘गुडघे आता ऐकत नाहीत. तू जाऊन ये, आणि मला सांग.’’

एकटाच उतरलो. चैत्यगृहाचा दर्शनी भाग केव्हाच कोसळलेला. आत अष्टकोनी खांबांची रांग, त्यांवर बुद्धाच्या पुसट रंगीत आकृती. बाजूच्या छतांना दगडातच कोरलेल्या फासळ्या. पॅरिसच्या मंदिराला तेराशे-चौदाशे वर्षे अवकाश होता, तेव्हाच्या! तिथे खर्च राजाचा. इथे पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याने एक खांब दान दिला आणि तसा लेख त्यावर कोरला. राजाचे नाव जगाला ठाऊक आहे. या अत्तरविक्याचे नाव मला, शेजारच्या गावच्या माणसाला, ठाऊक नव्हते.

धापा टाकीत वर आलो. अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘ती हत्तींची रांग आहे ना रे अजून? शाळेत असताना पाहिली होती.’’

‘‘आहे, अण्णा.’’

‘‘मग झालं तर!’’ म्हणून ते काठी टेकीत उठले. त्यांच्याबरोबर ते हत्ती पाहायची माझी संधी मात्र गेली होती.

वाचकहो, या सुट्टीत दूर कुठे जाणार असाल तर जरूर जा. पण घरातली वडीलधारी माणसे ‘चल रे’ म्हणत असतील, तर आधी त्यांच्याबरोबर निघा. लेणी दोन हजार वर्षे थांबली आहेत. गुडघे तेवढे थांबत नाहीत.